६४ आजारांची यादी आणि तुमच्या घरचे १८ महिने

पत्र : माझं वय ४१. घरात पत्नी, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांची आई. मी नोकरी करतो, पत्नी घरी शिकवण्या घेते. घरात येणाऱ्या पैशांपैकी ८५ टक्के माझा पगार असतो. घराच्या कर्जाची अजून १४ वर्षं बाकी आहेत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पक्षाघात झाला. तो वाचला, हॉस्पिटलचं बिलही आरोग्य विम्यातून भागलं, पण आठ महिने झाले तरी तो कामावर येऊ शकलेला नाही आणि घर कर्जात बुडालंय. ते बघून मी गंभीर आजाराचा विमा घ्यायचं ठरवलं. एजंटने सुचवलेल्या पॉलिसीत ६४ आजार आहेत आणि काहीच झालं नाही तर २५ वर्षांनी सगळे हप्ते परत मिळतात. विमा रक्कम आमच्या साधारण सहा महिन्यांच्या कमाईएवढी आहे. माझ्या वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता आणि मी दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतो. एजंट म्हणतात, हे फॉर्मवर लिहू नका, उगाच हप्ता वाढेल. माझा आरोग्य विमा आहे, टर्म विमाही आहे. मग हा विमा घ्यावा का? किती रकमेचा? आणि पत्नीसाठीही घ्यावा का?

उत्तर : आधी फॉर्मचं बोलू, कारण तिथे गडबड झाली तर बाकी कितीही विचार करून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी हातात राहणार नाही. वडिलांचा हार्ट अटॅक लिहा. रक्तदाबाची गोळी, तिचं नाव, किती मिलिग्रॅमची आहे आणि कधीपासून घेता, हेही लिहा. एजंटनी स्वतः फॉर्म भरला असेल तर सही करण्याआधी प्रत्येक उत्तर वाचा. खाली सही तुमची असते, त्यामुळे चुकीच्या उत्तराची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

ही माहिती लपत नाही, हेही समजून घ्या. उद्या तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, तर भरती करून घेणारा डॉक्टर पहिल्यांदा विचारेल : आधीचे आजार कोणते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात कुणाला हृदयविकार होता का? घाबरलेली तुमची पत्नी सगळं खरं सांगेल, आणि तिने तसंच सांगायला हवं. ते केसपेपरवर उतरतं. क्लेम आला की कंपनी तोच केसपेपर मागवते आणि तुमच्या फॉर्मशेजारी ठेवून वाचते. दोन्हींत फरक दिसला तर क्लेम नाकारायला आधार मिळतो. खरं लिहिलंत तर फार तर काय होईल? हप्ता थोडा वाढवून सांगतील, एखादी वैद्यकीय तपासणी करायला लावतील, एखादा आजार वगळतील किंवा नकार देतील. यातलं प्रत्येक उत्तर तुम्ही धडधाकट असताना, दुसरा मार्ग शोधायला वेळ असताना मिळतं. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. आणि जो माणूस तुम्हाला ही माहिती दडवायला सांगतो, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. क्लेमच्या दिवशी तो तुमच्या बाजूने उभा राहील यावर माझा विश्वास नाही.

आता मूळ प्रश्न. आरोग्य विमा असताना हा वेगळा विमा कशाला? तुमच्या सहकाऱ्याच्या घरी जे झालं त्यातच याचं उत्तर आहे. आरोग्य विमा हॉस्पिटलचा खर्च भरतो, आणि टर्म विमा माणूस गेल्यावर घराला पैसे देतो. माणूस वाचला, घरी आला, पण कमवू शकत नाही, त्या मधल्या काळाची सोय या दोन्हींत नाही. दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद डॉ. मारियस बर्नार्ड यांना हीच पोकळी दिसली. केपटाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलात डिसेंबर १९६७ मध्ये त्यांचे भाऊ ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसावरचं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, त्या चमूत मारियसही होते. पुढे त्यांना असे रुग्ण भेटत गेले, ज्यांना औषधोपचारांनी जगवलं होतं पण ज्यांचं घर पैशाअभावी मोडत होतं. त्यांच्या आग्रहातून १९८३ मध्ये तिथल्या एका विमा कंपनीने या प्रकारची पहिली पॉलिसी आणली. तिच्यात चारच गोष्टी होत्या : हार्ट अटॅक, पक्षाघात, कर्करोग आणि हृदयाची बायपास शस्त्रक्रिया. ठरलेल्या आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे द्यायचे. त्या पैशांतून घराचा हप्ता भरायचा की मुलांची फी की दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, हे त्या घराने ठरवायचं. कंपनी बिलं मागत नाही.

त्या चारांचे आता ६४ झाले. या आकड्याने दिपून जाऊ नका. आजही या विम्याचे बहुतेक क्लेम कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याच भोवती येतात. यादीतले उरलेले कितीतरी आजार अतिशय दुर्मीळ असतात, आणि काही ठिकाणी हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) शस्त्रक्रिया असं एकेक वेगळं मोजून यादी लांबवलेली असते. मी तुमच्या जागी असते तर २० आजारांची चांगल्या शब्दांत लिहिलेली पॉलिसी घेतली असती आणि ६४ आजारांची कडक शब्दांतली नाकारली असती.

शब्द म्हणजे व्याख्या. सगळा जीव तिथे आहे, म्हणून यावर थोडा वेळ घालवू. पॉलिसीत नुसतं 'कर्करोग' असं कधीच नसतं. कोणता कर्करोग, किती पसरलेला, कोणत्या तपासणीने सिद्ध झालेला, हे पानभर लिहिलेलं असतं. पेशी जिथे उगवल्या तिथेच आहेत, आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या नाहीत, अशी अगदी सुरुवातीची अवस्था बहुतेक पॉलिसींत पूर्ण रकमेला पात्र नसते. त्वचेचे काही कर्करोग, प्रोस्टेटचा किंवा थायरॉईडचा लहान, मर्यादित कर्करोग यांनाही बऱ्याचदा वगळलेलं असतं. काही पॉलिसी अशा अवस्थेत विमा रकमेचा एक हिस्सा देतात आणि उरलेली रक्कम पुढच्यासाठी शिल्लक ठेवतात. ही सोय खरोखर उपयोगाची आहे, कारण नियमित तपासण्या करणाऱ्या माणसाचा आजार लवकर सापडण्याचीच शक्यता जास्त.

हृदयाच्या बाबतीत तुम्ही जास्त काळजीपूर्वक वाचा, कारण तुमच्या घरात तो इतिहास आहे. हार्ट अटॅक मान्य होण्यासाठी सहसा तीन गोष्टी एकत्र लागतात : छातीतल्या दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीमध्ये नव्याने दिसलेले बदल आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ. नुसता अंजायना, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडल्याने छातीत दुखणं, यात बसत नाही. अटॅक येण्याआधीच ब्लॉकेज सापडलं आणि अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला, तर अनेक पॉलिसी काहीच देत नाहीत किंवा रकमेचा छोटासा भाग देतात. छाती उघडून केलेली बायपास मात्र बहुतेक ठिकाणी पात्र असते. तुमच्यासाठी कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हाच : अँजिओप्लास्टी झाली तर किती मिळेल? उत्तर लेखी घ्या.

पक्षाघातात मेंदूचं कायमचं नुकसान दाखवावं लागतं. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये ते दिसायला हवं, आणि अनेक ठिकाणी हातापायातला किंवा बोलण्यातला दोष किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. काही तासांत पूर्ण बरा होणारा झटका धरत नाहीत. मूत्रपिंडांच्या बाबतीत दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी होऊन नियमित डायलिसिस सुरू झालेलं असावं लागतं किंवा प्रत्यारोपण झालेलं असावं लागतं. हे सगळं वाचताना कंटाळा येईल. तरी तीन-चार कंपन्यांच्या व्याख्या एकाशेजारी एक ठेवून कर्करोग, हृदय आणि मेंदू एवढीच पानं वाचा. जमल्यास ती पानं ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा : तुमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी कितीजण यात बसतील? डॉक्टरांचं पाच मिनिटांचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं असेल.

दोन मुदती याच पानांवर सापडतील. पहिली म्हणजे प्रतीक्षा काळ : पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारण ९० दिवस. त्या काळात आजार निघाला, किंवा लक्षणं सुरू झाली, तर पैसे मिळत नाहीत. दुसरी म्हणजे जगण्याची मुदत : निदान झाल्यावर ठरावीक दिवस, बहुधा १४ ते ३०, रुग्ण हयात असावा लागतो. ती जितकी कमी तितकं चांगलं. त्या दिवसांत माणूस गेला तर हा विमा काही देणार नाही, तिथे तुमचा टर्म विमा कामाला येईल. म्हणून तो चालू ठेवा.

रक्कम किती, हे आपण तुमच्याच आकड्यांवरून काढू. घरात महिन्याला एकूण १०० येतात असं धरा. त्यातले ८५ तुमचे, १५ पत्नीचे. कर्जाचा हप्ता, घरखर्च, मुलांची फी, आईची औषधं मिळून ९० खर्च होतात आणि १० उरतात असं मानू. आजारपणात बचत थांबेल, पण नवे खर्च येतील : तपासण्यांसाठीचा प्रवास, मदतीला ठेवलेला माणूस, फिजिओथेरपी, आरोग्य विम्यात न बसणारी औषधं. त्यांचे २० धरा. म्हणजे महिन्याला ११०. पक्षाघातासारख्या आजारातून उभं राहून पुन्हा नीट कमवायला लागण्यासाठी दोन वर्षं हाताशी असावीत असं माझं मत आहे. २४ महिन्यांचे झाले २,६४०.

आता हाती काय आहे ते वजा करा. नोकरीतून पगारी रजेचे तीन महिने मिळतील असं समजू, तुमच्या पगाराचे २५५. पत्नीला तुमची शुश्रूषा करायची असेल, त्यामुळे तिच्या शिकवण्या निम्म्यावर येतील, म्हणून १८० धरू. आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले ४०० असतील. उरतात १,८०५. तुमच्या घरच्या एकूण कमाईचे १८ महिने. एजंटनी सुचवलेल्या रकमेच्या तिप्पट. माझी गृहीतकं खोडून तुमचे खरे आकडे घाला. रजा कमी असेल, शिल्लक नसेल तर आकडा २० महिन्यांच्या वर जाईल. पत्नीसोबत बसून हा हिशोब मांडा, कारण वेळ आलीच तर तो तिलाच निभवावा लागणार आहे.

सहा महिन्यांचीच रक्कम का सुचवली गेली, याचं एक कारण 'हप्ते परत' या सोयीत आहे. कंपनी हे पैसे पदरचे देत नाही. तुमच्याकडून जास्तीचा हप्ता घेते, तो गुंतवते आणि त्यातूनच २५ वर्षांनी परतफेड करते. तेवढ्याच हप्त्यात साधी, काहीही परत न देणारी पॉलिसी घेतलीत तर बरीच मोठी विमा रक्कम मिळू शकते. शिवाय भाववाढ वर्षाला ६ टक्के धरली तर आजच्या १०० ची किंमत २५ वर्षांनी जेमतेम २३ राहते. आगीचा विमा घेताना घर जळलं नाही म्हणून कुणी हप्ता परत मागत नाही, इथेही मागू नका. तुम्हाला साधी पॉलिसी हवी आहे, हे मी ठामपणे सांगते.

ती वेगळी घ्यावी की रायडर म्हणून, म्हणजे टर्म विम्यालाच जोडलेलं जादा संरक्षण म्हणून? रायडर स्वस्त पडतो आणि एकच हप्ता लक्षात ठेवावा लागतो. फक्त तो कोणत्या जातीचा आहे ते विचारा. एका प्रकारात गंभीर आजारासाठी दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते : १०० च्या टर्म विम्यातले ४० आजारपणात मिळाले तर मागे ६० उरतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही रकमा स्वतंत्र असतात. १४ वर्षांचं कर्ज आणि शिकणारी दोन मुलं असताना तुम्ही दुसराच प्रकार घ्या, किंवा सरळ स्वतंत्र पॉलिसी. हप्ता मुदत संपेपर्यंत तोच राहणार की काही वर्षांनी कंपनी तो वाढवू शकते, हेही आत्ताच विचारा. वाढू शकणारा हप्ता सुरुवातीला मोहक दिसतो आणि पन्नाशीत, नेमकी गरज वाढते तेव्हा, परवडेनासा होतो. मुदत वयाच्या ६० पर्यंत पुरे. तोवर कर्ज फिटलेलं असेल, मुलं २८ आणि ३२ ची असतील.

नोकरीच्या ठिकाणी असा सामूहिक विमा मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. नोकरी सुटली की तोही बहुधा सुटतो, आणि गंभीर आजारानंतर नोकरी टिकेलच असं नाही.

पत्नीसाठीही घ्या. तिच्या कमाईचे १५ कमी वाटतात, पण ती आजारी पडली तर मुलांचं, आईंचं आणि घराचं जे काम ती आज करते त्यासाठी माणसं ठेवावी लागतील आणि तुम्हालाही बिनपगारी रजा घ्यावी लागेल. तो खर्च मांडून बघा, बहुधा १५ च्या बराच वर जाईल. कमाई कमी असलेल्या व्यक्तीला कंपन्या मर्यादित रक्कमच देतात, तेवढी घ्या. दोघांची एकत्र पॉलिसी नको. अशा पॉलिसीत बहुधा एकाचा क्लेम झाला की दुसऱ्याचं संरक्षणही संपतं. तिच्या पॉलिसीत स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत काही रक्कम मिळते का, ते बघा. आईंसाठी हा विमा लागत नाही. त्यांच्या कमाईवर घर अवलंबून नाही, त्यांच्यासाठी चांगला आरोग्य विमा आणि थोडी शिल्लक जास्त मोलाची.

एक मर्यादा मात्र डोळ्यांआड करू नका. पाठीचं जुनाट दुखणं, नैराश्य, अपघातानंतरचं लांबलेलं आजारपण यांमुळेही माणसं महिनोन्महिने घरी बसतात आणि हा विमा त्यात काही देत नाही. आजार कोणताही असो, काम करता येत नसेल तर दरमहा रक्कम देणारा उत्पन्न संरक्षण विमा काही ठिकाणी मिळतो. तुमच्याकडे मिळत असेल तर त्याचीही चौकशी करा, आणि दोन्ही परवडत नसतील तर मी त्याला आधी जागा देईन. रक्तदाब आणि वडिलांच्या इतिहासामुळे गंभीर आजाराचा विमा नाकारला गेला तरी हा दरवाजा ठोठावून बघा. तोही बंद निघाला तर त्या हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागा.

पॉलिसी हाती आली की ती परत करण्यासाठी बहुतेक ठिकाणी काही दिवसांची मुभा असते. तेवढ्या दिवसांत व्याख्यांची पानं पुन्हा वाचा आणि लेखी उत्तरांशी ताडून बघा. तुमच्याकडे आधीची एखादी पॉलिसी असेल तर नवीचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत ती बंद करू नका. पॉलिसी, फॉर्मची प्रत आणि कंपनीचा क्लेमसाठीचा फोन नंबर एका फाईलमध्ये ठेवा आणि ती पत्नीला दाखवा. निदान झाल्यावर कंपनीला लगेच कळवायचं असतं. बायोप्सीचा अहवाल, ईसीजी, रक्ततपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती हॉस्पिटलातून निघण्याआधी मागून घ्यायच्या असतात, हे तिला आजच सांगून ठेवा.